मतदानाच्या दिवसाची हवा

निवडणुकीच्या संबंधात ‘हवा’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो. अमक्या पक्षाची हवा आहे, तमक्याची हवा गेली, असे चावडीपासून चहाच्या दुकानापर्यंत सर्वत्र बोलले जाते. आणि ही हवा ज्यांना अचूक ओळखता येते ते आपल्या समाजात मोठे जाणते समजले जातात. आम्हांस ती कधीही ओळखता आलेली नाही. आमच्या स्मरणात राहिली आहे ती दुसरी, म्हणजे जिच्यात ऊन, गारठा आणि पाऊस असतो ती खरीखुरी हवा. कोणत्या वर्षी कोणाचे किती उमेदवार निवडून आले, असे कोणी विचारले तर आम्ही निरुत्तर होतो. परंतु त्या दिवशी अंगात नुसता सदरा होता की वर स्वेटर होता, रस्त्याला धूळ होती की चिखल, आणि केंद्रावरून परतताना कानांवर कोणते गाणे पडले, हे आम्ही तत्काळ सांगू शकतो. आमचे एक स्नेही यावरून आमची नेहमी थट्टा करतात. ते म्हणतात, “लोकशाहीने तुम्हांला मताचा अधिकार दिला आणि तुम्ही त्याचे पंचांग केलेत!”

आरोप आम्हांस मान्य आहे. तथापि हवा आणि गाणे या दोन गोष्टी निवडणुकीच्या मांडवात अगदीच आगंतुक आहेत असे मात्र नाही. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा मुहूर्त मुळी हवेनेच ठरविला. हिमाचल प्रदेशातील चिनी तालुक्यात बर्फ पडून वाटा बंद होण्यापूर्वी काम उरकावे, म्हणून तेथील लोकांनी ऑक्टोबर १९५१ मध्येच मते दिली. देशाच्या बहुतेक भागांत मतदान व्हावयास पुढल्या वर्षाचे जानेवारी-फेब्रुवारी उजाडले. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्यातही या दोघांना जागा आहे. नैसर्गिक आपत्ती ओढवल्यास मतदान तहकूब करण्याची तरतूद त्याच्या ५७ व्या कलमात आहे. आणि संगीताचा जलसा, नाटक किंवा दुसरी करमणूक योजून प्रचार करण्यास, मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीच्या ४८ तासांत, १२६ व्या कलमाने मनाई केली आहे. पावसाने माणूस घरात बसतो आणि गाण्याने तो घराबाहेर येतो, हे कायदा लिहिणारांस पक्के ठाऊक असले पाहिजे.

या ४८ तासांच्या मनाईमुळेच मतदानाच्या दिवशीचे गाणे स्मरणात राहते, असे आमचे मत आहे. त्यापूर्वीचे पंधरा दिवस कर्णे लावलेल्या जीपगाड्या आणि रिक्षा गल्लीगल्लीतून फिरत असत. चालू चित्रपटातील चाल उचलून तीत उमेदवाराचे नाव कसेबसे बसविलेले असे. ‘ताई, माई, अक्का’ यांना उद्देशून केलेली ती जुनी घोषणा मधून मधून येई. आणि आम्ही मुले बिल्ल्यांच्या आशेने, पक्षभेद न मानता, प्रत्येक गाडीमागे धावत असू. मग एका सायंकाळी ते सर्व एकदम थांबे. दोन दिवस असे निःशब्द गेल्यावर, तिसऱ्या दिवशी कोणा शेजाऱ्याच्या खिडकीतून आलेली साधी आकाशवाणीवरची गाण्याची ओळ कानांस इतकी स्पष्ट ऐकू येई की, ती जणू आपल्यासाठीच लावली आहे असे वाटावे.

आमची स्मरणवही चाळली तर ती ऋतूंप्रमाणे उलगडते. जानेवारी १९८० चे मतदान आमच्या साताऱ्यात कडाक्याच्या थंडीत झाले. केंद्रासमोर रांगेत उभी असलेली माणसे घोंगडी व शाली पांघरून आली होती, आणि आदल्या वर्षीच्या ‘सरगम’ चित्रपटातील डफलीचे गाणे म्हणत गल्लीतली पोरे रिकामा डबा बडवीत होती. १९९१ सालची गोष्ट निराळी. २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली, उरलेले मतदान १२ व १५ जूनपर्यंत पुढे गेले, आणि उन्हाळ्याची निवडणूक पावसाळ्याच्या तोंडाशी आली. दुखवट्याच्या दिवसांत आकाशवाणीने गाणी बंद करून सारंगी आणि सतार यांचे गंभीर सूर लावले होते. मतदानापर्यंत नेहमीची गाणी पुन्हा सुरू झाली होती हे खरे. परंतु छत्री मिटून आम्ही रांगेत उभे राहिलो तेव्हा आमच्या कानांत ती सारंगीच होती. सप्टेंबर १९९९ मध्ये गणपती अगदी दोन दिवसांवर येऊन ठेपले होते. मंडळांचे मांडव अर्धे उभे होते आणि ढोलांचा सराव चालला होता, त्यामुळे शाई लावलेले बोट घेऊन परतताना आम्हांस उगीचच उत्सवाला निघाल्यासारखे वाटले. पुढे यंत्रे आली. शिक्क्याचा ठप्प असा आवाज गेला आणि त्याच्या जागी तो एक लांबट, कर्कश स्वर आला. अलीकडे मतदानाच्या दिवसाचे संगीत म्हणावे तर तेवढेच.

आमच्या आईची वही आमच्याहून जुनी. १९५७ साली ती १९ वर्षांची होती, आणि त्या काळी २१ वर्षे पुरी झाल्यावाचून मत नसे. १८ ही मर्यादा १९८९ मध्ये आली. मत नसले तरी कान होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने गावोगाव शाहिरी पोचविली होती. अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांची नावे घरोघर झाली होती. आणि क्रांतिसिंह नाना पाटील त्या वर्षी साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले. आई सांगे की, कोरेगावच्या बाजूस त्यांच्या गावी रात्री डफ वाजू लागला म्हणजे बायका दाराआडून ऐकत, आणि सकाळी दळताना तीच चाल जात्यावर फिरे.

परंतु आमच्या घरातील सर्वांत लाडकी आठवण मार्च १९७७ ची. आम्ही त्या वेळी दहा वर्षांचे होतो. ती आठवण अशी: ऊन रणरणत होते. आई व अण्णा, म्हणजे आमचे वडील, आम्हांस बरोबर घेऊन शाळेतल्या केंद्रावर गेले. मत देऊन परतताना अण्णांनी आईच्या डोक्यावर छत्री धरली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात रेडिओवर किशोरकुमारांचे ते पानाचे प्रसिद्ध गाणे लागले होते. अण्णांनी सर्वांना उसाचा रस पाजला आणि आई गाणे गुणगुणत घरी आली. ही गोष्ट आम्ही शेकडो वेळा सांगितली असेल. अण्णाही पाहुण्यांना ती मोठ्या हौसेने सांगत. आई स्वयंपाकघरातून ऐके आणि काही बोलत नसे.

दोन वर्षांपूर्वी, लोकसभेच्या निवडणुकीच्या सुमारास, आम्ही तीच गोष्ट आमच्या कन्येला सांगत होतो. तिने हातातल्या फोनवर क्षणभर बोट फिरविले आणि म्हणाली, “बाबा, हे गाणे ‘डॉन’मधले. तो चित्रपट १९७८ सालचा. मार्च १९७७ मध्ये ते दुकानात कसे लागेल?” आम्ही प्रथम चित्रपटाच्या तारखेविषयी शंका घेतली, नंतर फोनविषयी घेतली, आणि शेवटी स्वतःविषयी घ्यावी लागली.

त्या वर्षी ८५ वर्षांवरील मतदारांना घरूनच मत देण्याची सोय होती आणि आईने तसा अर्ज भरून दिला होता. चिनी तालुक्यात पहिल्या निवडणुकीत मत देणारे श्याम सरन नेगी यांनीही आपले अखेरचे मत नोव्हेंबर २०२२ मध्ये घरीच दिले आणि नंतर तीनच दिवसांनी ते निवर्तले, हे आम्ही वाचले होते. त्यामुळे या सोयीबद्दल आमच्या मनात थोडा अपशकुनाचा भाव होता, तो आम्ही बोलून दाखविला नाही. ठरलेल्या दिवशी अधिकारी आले. बरोबर एक पोलीस आणि चित्रीकरण करणारा एक तरुण होता. आमच्या जेवणाच्या मेजावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद करण्यात आला आणि आम्हां सर्वांना आतल्या खोलीत जाण्यास सांगण्यात आले. पाचएक मिनिटांत सर्व आटोपले. मंडळींना पन्हे देताना आई म्हणाली, “पंखा बंद केलात ते बरे झाले. मत देताना थोडे ऊन लागलेच पाहिजे.”

ते गेल्यावर आम्ही तिला त्या गाण्याविषयी विचारले.

“गाणे कसले?” आई म्हणाली. “रेडिओबिडिओ काही नव्हता. रसवंतीच्या चरकाला घुंगरू बांधलेले होते, ते वाजत होते. आणि रस मी पाजला तुला, माझ्या कनवटीच्या पैशांतून. हे पुढे निघून गेले होते, छत्री घेऊन.”

मग हळूहळू सारी हकीगत कळली. प्रत्येक मतदानाच्या आदल्या रात्री अण्णा जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर एक चिन्ह काढून तिला दाखवीत, यावर शिक्का मारायचा म्हणून. आई व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होती आणि वर्तमानपत्र अण्णांच्या आधी वाचून काढी; तरी १५ वर्षे तिने त्या कागदाबद्दल तक्रार केली नव्हती. १९७७ च्या त्या रात्री मात्र तिने कागदाची घडी करून ती चुलीत टाकली. दुसऱ्या दिवशी केंद्राबाहेर अण्णांनी विचारले, “मी सांगितले तिथेच ना?” ती म्हणाली, “आत पडदा लावलेला असतो, तो कशासाठी?” अण्णा एक शब्द न बोलता छत्री उघडून चालू लागले. २० मार्चच्या रात्री ते रेडिओजवळ निकाल ऐकत बसले, तेव्हाही दोघे बोलत नव्हती. कोणाचे मत कोणाला गेले हे ती आम्हांसही सांगेना. “त्यांना नाही सांगितले, तुला कसे सांगू?”

“मग पुढे?” आम्ही विचारले.

“पुढे काय? पुढच्या वेळी आदल्या रात्री कागद घेतला हातात, आणि ठेवून दिला. सकाळी म्हणाले, गारठा आहे, शाल घेऊन जा. त्यानंतर दरवेळी तेवढेच. ऊन वाढायच्या आत जाऊन ये. पाऊस येईलसे दिसते, आत्ताच नीघ. बाकी काही नाही.”

आम्ही थोडा वेळ गप्प राहिलो. मग विचारले, की अण्णा ती छत्रीची आणि रसाची गोष्ट पाहुण्यांना सांगत, तेव्हा तू त्यांना अडविले का नाहीस? आई म्हणाली, “गोष्ट तू रचलीस, त्यांना ती आवडली. तसे झाले असते तर बरे होते असे त्यांना वाटते आहे, हे मला कळत होते. मला तेवढे पुरे होते.”

इतकी वर्षे आम्ही आमच्या स्मरणशक्तीच्या एका विनोदी खोडीबद्दल लिहीत आणि बोलत आलो होतो. ती खोड आमची नव्हती, घराची होती. निवडणुकीच्या दिवशी आमच्या घरात हवेखेरीज दुसरा विषयच निघत नसे, कारण दोन माणसांनी न बोलता तसा तह केला होता. मत गुप्त असते, त्याची वही कोणी ठेवू शकत नाही. शेजारी उरते ते ऊन, ते घुंगरू, तो गारठा, आणि आम्ही मुलांनी तेवढेच उचलले. त्यातही गाणे आम्ही चुकीचे उचलले. आईच्या कनवटीच्या पैशांतून आलेला रस अण्णांच्या नावावर मांडला, आणि अण्णांनी तो खोडून काढला नाही. पाहुण्यांसमोर ती गोष्ट हौसेने सांगणे हीच त्यांची क्षमायाचना असेल काय? ते २००९ मध्ये गेले. आता विचारावे कोणाला?

७ मे २०२४ रोजी साताऱ्यात मतदान होते. आईचे मत आधीच पेटीत पडले होते. आम्ही, आमची पत्नी आणि पहिल्यांदाच मत देणारी आमची कन्या, असे तिघे सकाळी निघालो. आदल्या रात्री कन्येला दोन शब्द सांगावेत असे आमच्या फार मनात होते आणि त्यासाठी आम्ही तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलोही होतो. तेथून आम्ही परत फिरलो. सकाळी आई खिडकीशी बसली होती. चपला घालताना तिने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, “ऊन वाढायच्या आत जाऊन या.”

आम्ही कन्येच्या हाती छत्री दिली.