महाड ते पोलादपूर : दावे, साखळी आणि कायदा

सावित्री व गांधारी या नद्यांच्या काठी वसलेली महाडची पेठ जुनी. गलबतांनी तिला वैभव दिले, पुरांनी तिची परीक्षा पाहिली. २२ जुलै २०२१ च्या पुराची आठवण अजून ताजी आहे. व्यापारी मालाची पोती माळ्यावर चढवू शकतो. गोठ्यातल्या जनावराचे दावे मात्र वेळीच सुटले, तरच ते पोहून निघते.

याच गावी १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. गुराढोरांना मोकळे असलेले ते पाणी माणसांना नाकारले जात होते. जीवदयेविषयी बोलताना हे विसरता येत नाही.

महाडहून दक्षिणेस अर्ध्या तासात पोलादपूर येते. तेथून डावीकडे आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, सरळ गेल्यास कशेडी. वाटेवर एका कुलूपबंद घराच्या अंगणात आखूड साखळीला जखडलेला कुत्रा दिसला. समोरचे भांडे कोरडे. शेजाऱ्यांना कणव होती, पण परक्याच्या जनावराला हात कसा लावावा, हा संकोचही होता.

कायद्याला तो संकोच नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ३४ व्या कलमानुसार, गुन्हा घडत आहे असे मानण्यास कारण असेल, तर शिपायाहून वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस अधिकारी जनावर ताब्यात घेऊन जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे वा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीस नेऊ शकतो. गुन्हा शाबीत होईपर्यंत थांबावे लागत नाही. आणि गुन्हे कोणते? ११ वे कलम वाचताना आपल्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचारच समोर येतात : बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे, अन्नपाणी रोखणे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये! म्हणूनच दंडापेक्षा सुटका मोलाची.

ठाण्यात कळवल्यावर हवालदार आले. त्यांनी साखळी सोडवली, पाणी पाजले आणि विचारले, "डॉक्टरांनी तपासले की पुढे ठेवू कोठे?"

कायद्याच्या ३५ व्या कलमात या प्रश्नाचे उत्तर आहे आणि त्यात चक्क पांजरपोळ हा आपला शब्द आहे. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्र्यांच्या हत्येवरून दंगल उसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी सर जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीशाह यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ उभी राहिली. गल्ल्यावरची लाग व्यापाऱ्यांनीच भरली म्हणून अशा संस्था टिकल्या. तालुक्याच्या गावी एवढा पसारा नको. उंचावरच्या एखाद्या वखारीचा कोरडा कोपरा, पाण्याची कुंडी, आठवड्याचे खाद्य. आणि त्याची माहिती ठाण्यात व पशुवैद्यकीय दवाखान्यात पावसाळ्याआधी पोहोचलेली असावी.