सोळा चौकोन

चाळिशी उलटल्यावर माणसाने नवी विद्या शिकू नये, असे माझे ठाम मत होते. पण चिरंजीव रात्र रात्र दार लावून संगणकावर टेक्नो रचू लागले, घरात बोलेनासे झाले. तेव्हा मीच शिष्य म्हणून त्यांच्यापुढे बसलो.

पडद्यावर सोळा चौकोन होते. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्यावर ठोका, वेग मिनिटाला १३०, झाले टेक्नो! मी उत्साहाने सोळाही चौकोन भरले. घरात जणू पिठाची गिरणीच सुरू झाली!

"बाबा, आता पुसा."

एकेक ठोका पुसू लागलो. नववा पुसला नि थबकलो. तीनतालाच्याही मात्रा सोळाच, आणि नवव्या मात्रेवर खाली! टाळी न देता नुसता हात हलवून मी ती त्याला दाखवली.

"ठरलेला ठोका गाळला की खरा प्रयोग सुरू होतो," तो म्हणाला. मुंबईच्या चरणजित सिंगांनी १९८२ साली इलेक्ट्रॉनिक तालयंत्राच्या साथीने दहा राग ध्वनिमुद्रित केले, हेही त्यानेच सांगितले. इतके तो वर्षभरात बोलला नव्हता.

हल्ली त्याचे दार उघडे असते. शेजाऱ्यांनी मात्र आपापली लावून घेतली आहेत!