खालून कापलेल्या ओळी

रात्री बाराच्या सुमारास शहर आवृत्तीचं पान सोडायची घाई असते. बातमी जागेत मावत नसेल तर उपसंपादक ती खालून कापतो. धंद्याची जुनी रीतच आहे: महत्त्वाचं वर, बाकीचं खाली. भडकाऊ वक्तव्याच्या बातमीत ते वाक्य सगळ्यात वर असतं. गुन्हा दाखल झाला का, कोणत्या ठाण्यात, कोणत्या कलमाखाली, हे शेवटच्या परिच्छेदात. अमरावती आणि अकोल्याच्या डेस्कवर अशा कितीतरी ओळी मी माझ्या हाताने उडवल्या आहेत. त्याचं मला आज फार वाईट वाटतं.

४ ऑक्टोबर २०२४ ची रात्र आठवा. यती नरसिंहानंद यांनी २९ सप्टेंबरला गाझियाबादेत पैगंबरांविषयी अवमानकारक वक्तव्य केलं होतं. हजारेक किलोमीटरवरच्या अमरावतीत लोक तक्रार घेऊन नागपुरी गेट ठाण्यावर गेले. गुन्हा आधीच दाखल झालाय, असं सांगून पोलिसांनी त्यांना परत पाठवलं. नंतर मोठा जमाव आला, दगडफेक झाली, २१ पोलीस जखमी झाले. त्या रात्री शहराला कोणती बातमी हवी होती? ते वक्तव्य मोबाइलवर पोचलेलंच होतं. 'गुन्हा दाखल आहे' ही ओळ मात्र ठाण्याच्या दारात सांगावी लागली.

जुलै २०२३ मध्ये संभाजी भिडे यांनी अमरावतीतच महात्मा गांधींच्या वडिलांविषयी विधान केलं, राजापेठ ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. विधान काय होतं ते इथे पुन्हा लिहीत नाही, त्यावाचून मुद्दा अडत नाही. अशा वेळी आम्हा डेस्कवाल्यांच्या हाताशी 'वादग्रस्त' हा शब्द तयार असतो. पण दोन्ही बाजूंना काही आधार असला तर त्याला वाद म्हणावं. गांधींचे वडील करमचंद पोरबंदरचे दिवाण होते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. 'निराधार' हाही चारच अक्षरांचा शब्द आहे, हेडिंगात तेवढ्याच जागेत बसतो. 'बरळले', 'गरळ ओकली' यांनी तर काहीच कळत नाही, फक्त वाचणाऱ्याचं रक्त तापतं.

अकबरुद्दीन ओवैसींचं '१५ मिनिटं' हे भडकाऊ वक्तव्य डिसेंबर २०१२ चं, निर्मलच्या सभेतलं. मे २०२४ मध्ये अमरावतीच्या तेव्हाच्या खासदार नवनीत राणा यांनी हैदराबादच्या प्रचारात त्याला '१५ सेकंदां'चं उत्तर दिलं. मधे, एप्रिल २०२२ मध्ये, न्यायालयाने ओवैसींना त्या प्रकरणात निर्दोष सोडलं होतं. निकाल कुणाला पटो न पटो, बातमीत तो आलाच पाहिजे. मिनिटं आणि सेकंदं सगळ्यांच्या तोंडी आहेत, निकाल किती जणांना आठवतो?

वक्तव्य दडपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. आपला नेता काय बोलतो ते मतदाराला कळलंच पाहिजे. पण द्वेषमूलक वक्तव्याबद्दलच्या अमिश देवगण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये जे तपासायला सांगितलं, कोण बोललं, काय बोललं, कुठे आणि कोणत्या प्रसंगी, ते तर आपल्या वार्ताहरांनी पहिल्याच दिवशी शिकलेले प्रश्न आहेत. नव्या पोरांना मी एवढंच सांगतो की कारवाईची ओळ इंट्रोत घ्या, म्हणजे ती कापली जाणार नाही.

मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात एका समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून दंगल पेटली, एकाचा जीव गेला. त्यानंतर काही महिन्यांनी पानठेल्यावर पेपर वाचत बसलेल्या एका काकांनी मला विचारलं, "काहून हो भाऊ, लागली तवा पहिल्या पानावर छापता. मंग पुढं काय झालं ते कुठी छापता?"

आतल्या पानावर, मी म्हणालो. त्यांनी माझ्यासमोर एकेक पान उलटून पाहिलं. नवव्या पानावर जाहिरातीखाली तीन ओळी निघाल्या. चष्मा कपाळावर सरकवून, पेपर डोळ्यांजवळ धरून त्यांनी त्या मला मोठ्याने वाचून दाखवल्या.