झाडांचे फोटो चालतात

मे महिन्याची सुट्टी लागली की आमची गाडी रत्नागिरीहून सोलापूरला निघते. दिवाळीतही तेच. मी कोकणातल्या एका उर्दू हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो, घर सोलापूरचं. हा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता किती वेळा पार केला, याचा हिशोब मी ठेवलेला नाही. फोटो मात्र ठेवलेत. लॅपटॉपमध्ये ‘रास्ता’ नावाचं एक फोल्डर आहे, त्यात अकराशेच्या वर फोटो आहेत. डोंगर, नद्या, झाडं, ढग, ज्वारीची रानं. माणूस जवळजवळ नाहीच.

त्याचं कारण अब्बा.

अब्बांना फोटो मान्य नव्हता. पासपोर्ट, आधार, मतदार ओळखपत्र, एवढ्यापुरतीच त्यांची सवलत. लग्नकार्यात कॅमेरा फिरू लागला की ते पाठ करून बसत. मोबाईलच्या फोटोला आज बरेच उलेमा चित्र मानत नाहीत, ही चर्चा मी एकदा त्यांच्यापुढे मांडली होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तेरा तू देख. मेरा मत निकाल.”

झाडा-डोंगरांना मात्र त्यांची हरकत नव्हती. चित्रं काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्ने अब्बास यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला झाडांची आणि ज्यात रूह नाही अशा वस्तूंची चित्रं काढायला सांगितलं, ही रिवायत अब्बा नेहमी सांगत. माझ्या मुलीनं एकदा शाळेतलं विज्ञान काढलं. “दादा, झाडात पण जीव असतो.” अब्बा हसले. “जान अलग, रूह अलग. चल, पानी दे.”

अम्मी गेल्यावर अब्बा वर्षातले काही महिने आमच्याकडे राहत. त्यामुळे जाता-येता ते गाडीत असायचे. जागा ठरलेली, माझ्या शेजारची. काच खाली, खिडकीवर कोपर. आणि मधेच आवाज यायचा, “ठैर रे, ये निकाल.”

खरं सांगायचं तर ‘रास्ता’मधले निम्मे फोटो अब्बांचे आहेत. बटण मी दाबलं, एवढंच.

पाली मागे पडली, साखरपा आला की समोर सह्याद्री उभा राहतो. आंबा घाटात पावसाळ्याच्या तोंडाला धुकं इतकं दाट असतं की फोटोत पांढऱ्याशिवाय काही येत नाही. अब्बांनीच सांगितलं, धुकं काढू नकोस, धुक्यातून बाहेर आलेलं एक झाड काढ. दिवाळीच्या आधी घाटमाथ्यावर सोनकी पिवळीधमक फुललेली असते, मेमध्ये करवंदं-जांभळं द्रोणात घालून बायका रस्त्याकडेला बसतात. गाडी वळणावर थांबवायची नाही, हा आमचा नियम. पुढे रुंद जागा बघून थांबायचं आणि चालत मागे यायचं. अब्बाही काठी टेकत यायचे.

या रस्त्याची गंमत अशी की एका दिवसात मातीचा रंग बदलतो. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, सांगोल्याला पाचशेच्या आसपास. सकाळी जांभा दगडाचे लाल गडगे, दुपारी कोल्हापूरचा ऊस, आणि मिरज सोडली की हळूहळू बोडके माळ, डाळिंबाच्या बागा, मंगळवेढ्याची काळी रानं. सोलापूरचे लोक कोकणाला सुंदर म्हणतात आणि आपल्या माळाकडे बघतही नाहीत. अब्बा माळावरच जास्त वेळा गाडी थांबवायचे. म्हणायचे, इथं आभाळ पूर्ण दिसतं.

या रस्त्याचा बराचसा भाग आता चौपदरी झालाय. वेळ वाचतो, पण दुतर्फाची चिंचेची, वडाची झाडं गेली. मिरज तालुक्यात भोसे गावाजवळ यल्लम्मा मंदिरापाशी एक वड होता, लोक त्याचं वय चारशे वर्षं सांगायचे. तोही जाणार होता. 2020 मध्ये लोकांनी आवाज उठवला आणि रस्त्याच्या आखणीत बदल करून तो वाचवला. त्या दिवाळीत अब्बा त्याच्याखाली बराच वेळ उभे राहिले. मी वडाचे नऊ फोटो काढले. एकाही फोटोत ते येणार नाहीत, याची काळजी घेतली.

सांगोल्याच्या अलीकडची एक अस्र मात्र मला विसरता येत नाही. डाळिंबाच्या बागेशेजारी चिंचेखाली आम्ही थांबलो. अब्बा बाटलीतल्या पाण्यानं वुजू करायला बसले, तर शेतकऱ्यानं हाक मारली, “बाबा, इकडं या, मोटार चालू हाय.” त्यानं पाइप हातात धरून पाणी दिलं, सावलीत पोतं झटकून अंथरलं. आमची मुसाफिराची नमाज, चाराच्या दोन रकात. माझी आटोपली होती. अब्बा सजद्यात होते, मागे काळं रान, उन्हं कलती. शेतकरी चप्पल काढून थोड्या अंतरावर उभा. मी मोबाईल वर केला. बोट बटणावर होतं. पाठमोरे तर आहेत, चेहरा कुठं दिसतोय, असंही मनात आलं. मग मी मोबाईल खिशात ठेवला.

अब्बांचा इंतकाल होऊन तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी मुलीला शाळेत वंशवृक्षाचा प्रकल्प होता. प्रत्येक माणसाचा फोटो चिकटवायचा. दादांचा कुठला द्यायचा? आधार कार्डावरचा चेहरा आमच्या ओळखीचा नव्हता. ती ‘रास्ता’ फोल्डर उघडून बसली. दोन तास एकेक फोटो मोठा करून बघत होती. आंबा घाटातल्या एका फोटोच्या कोपऱ्यात काठीचं टोक सापडलं. एकात जमिनीवर लांब सावली, टोपीचा आकार ओळखू येणारी. एकात गाडीच्या खिडकीवरचं कोपर. ती म्हणाली, “अब्बू, तुम्ही एक तरी काढायला पाहिजे होता.”

मी काही बोललो नाही. तिचं चूक होतं असं मला म्हणता येत नाही. रात्री झोप लागेना तेव्हा तो सांगोल्याचा न काढलेला फोटो आठवत राहिला आणि पश्चात्ताप झाला. सकाळी वाटलं, तो चोरून काढला असता तर आज बघताना नजर खाली गेली असती. माझा अजून निकाल लागलेला नाही. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलेलं नव्हतं, तरी मी ते मोडलं नाही. एवढंच मी सांगू शकतो.

मुलीनं शेवटी प्रकल्पात वंशवृक्षावर दादांच्या जागी भोश्याचा वड चिकटवला. बाईंनी विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं म्हणे.

यंदा मेमध्ये पुढच्या सीटवर ती होती. काच खाली, खिडकीवर कोपर. बेगमपूरला भीमेच्या पुलाअलीकडे ती म्हणाली, “अब्बू, थांबा ना.” नदीत पाणी फार नव्हतं. मी उतरून मोबाईल काढला, तर ती म्हणाली, “नदीचा नाही. तुम्ही तिथं उभे राहा.”

मी उभा राहिलो.