पणजोबांचे नाव शोधत पुण्यात

तुमच्या पणजोबांचे नाव काय, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बरेच जण अडखळतात. आजोबांपर्यंत सांगता येते, त्यापुढे ‘गावाकडचे होते’ एवढेच. भाटाने वंशावळ गायची, तीर्थाच्या उपाध्यायाने ती वहीत उतरवायची, ही रीत ज्यांच्यासाठी होती त्यांत आपण नव्हतो. पण म्हणून आपल्याला इतिहासच नाही असे समजू नये. आपले पूर्वज कागदावर आहेत, पण ते दुसऱ्यांच्या कागदावर आहेत. त्यांचा माग काढायचा तर पुण्यापासून सुरुवात करावी. वाचकहो, मुलांना बरोबर घ्या आणि आमच्यासोबत चला.

पुणे स्टेशनपासून कौन्सिल हॉलकडे निघाले की तिथेच पुणे पुराभिलेखागार आहे. जुन्या माणसांच्या तोंडी त्याचे नाव पेशवे दप्तर. इमारत १८९१ सालची. आत मोडी कागदांची कापडात बांधलेली गाठोडी आहेत. त्यांना रुमाल म्हणतात, आणि असे हजारो रुमाल तिथे आहेत. पेशव्यांची रोजकीर्द, गावोगावचे हिशेब आणि इंग्रजांनी इनाम-वतनांची चौकशी केली तिचे कागद, सारे इथेच. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात यातून निवडक कागदांचे ४५ खंड छापले. त्यात लढाया आणि सरदार भरपूर. आपली माणसे भेटतात ती गावच्या हिशेबात, बलुत्याच्या यादीत आणि शिवेच्या तंट्यात. शीव कुठून जाते हे महाराने सांगायचे आणि गावाने ते मानायचे. ज्याला गावकुसाबाहेर ठेवले, त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरत होती!

या कागदांत नाव ओळखायची एक खूण आहे. रायनाक, शिदनाक, देवनाक अशी नावे दिसली की थांबावे. ‘नाक’ म्हणजे नायक, असा त्याचा अर्थ सांगतात. ‘रायनाक बिन देवनाक’ असे लिहिले असेल तर ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’. म्हणजे एका ओळीत दोन पिढ्या हाती लागल्या. मोडी वाचता येत नाही म्हणून मागे हटू नका. पुण्यात मोडीचे वर्ग भरतात. आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी ते करावेत. आपले कागद आपणच वाचलेले बरे.

हीच ‘नाक’ची खूण दगडावर पाहायची असेल तर नगर रस्त्याने पुण्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर जावे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा-कोरेगावला लढाई झाली. तिच्या विजयस्तंभावर कंपनीच्या बाजूने कामी आलेल्या सैनिकांची ४९ नावे कोरली आहेत. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, आणि त्यावरूनच ते महार सैनिक होते हे ओळखले जाते. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब इथे आले. आपण दरवर्षी जातो, मानवंदना देतो, गर्दीतून परततो. पुढच्या वेळी स्तंभाजवळ थांबून ती नावे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.

पुराभिलेखागारात प्रत्येक घराचे नाव सापडेलच असे नाही. मग तालुक्याला जावे. १८७४ च्या वतन कायद्याने महारकी कागदावर बांधली गेली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध बिल मांडले. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. पण वतनाच्या नोंदीत आणि जुन्या फेरफारात भावकीची नावे राहिली आहेत. गुलामीचा कागद खरा, पण आज तोच आपल्या आजोबांचा पत्ता सांगतो.

तिसरी जागा म्हणजे शाळेचा दाखलखारीज रजिस्टर. बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. कुळ सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. पण ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. हा दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. गावावरून, कुळावरून, कधी मास्तरांच्या लेखणीवरून आडनाव ठरते. म्हणून एकाच भावकीत दोन आडनावे दिसली तर गोंधळू नका, दोन्ही लिहून ठेवा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथे, रेल्वेत किंवा पलटणीत आजोबा होते का, हेही घरात विचारा. नोकरीच्या जुन्या कागदावर मूळ गाव लिहिलेले असते.

हा नुसता हौसेचा शोध नाही. आज मुलाच्या जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. धम्म स्वीकारलेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, पण कागद जुन्या जातीचाच लागतो. तो वेळेवर सापडला नाही की प्रवेशाच्या दिवसांत बाप तालुक्याच्या खेपा घालत राहतो. अॅडमिशनची वाट न पाहता आजच नक्कल काढून ठेवा.

नक्कल वाचताना मुले विचारतील, पणजोबांचे नाव दगडू, त्यांच्या भावाचे कचरू, असे का? सांगा त्यांना. मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणूनही अशी नावे ठेवत, आणि आपल्या माणसांना चांगले नाव घेऊ न देणारा गावही होता. १९५६ नंतर त्याच घरांत सिद्धार्थ, राहुल, सुजाता, संघमित्रा जन्मले. दगडूच्या नातवाचे नाव राहुल झाले, हाही आपला इतिहासच आहे.

एक गोष्ट मात्र या जुन्या कागदांत क्वचितच सापडेल. रायनाकाचा बाप देवनाक हे कळते, रायनाकाची आई कोण हे कळत नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव बंधनकारक झाले. त्याआधीच्या आयांची नावे आज घरातल्या म्हाताऱ्या बायांच्याच आठवणीत आहेत. त्यांच्याबरोबर ती जातील. म्हणून पुराभिलेखागाराची वाट धरण्याआधी आजीजवळ बसा. तिची आई कोण, तिच्या सासूची आई कोण, माहेर कुठले, हे वहीत लिहा. या रविवारीच लिहा.