उडता शिकारी आणि ‘वल्लाहु आलम’

उत्क्रांतीला वेगळी वाट मिळाली असती तर कोणते प्राणी घडले असते, याची चित्रं काढणारे लोक जगभर आहेत. 2002 सालच्या ‘द फ्यूचर इज वाइल्ड’ या मालिकेत तर 20 कोटी वर्षांनंतरचे मासे हवेत उडतात. आपली मुलंही मोबाइलवर हे पाहतात आणि वहीत समुद्रावर झेपावणारे शिकारी काढतात. घरातले बुजुर्ग विचारतात, “अल्लाहने जे बनवलं नाही, ते तू कशाला बनवतोस?”

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. मला त्याचं उत्तर गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, सिरोंचाला सापडतं.

सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. तिथल्या कोटा गावावरून ज्युरासिक काळातल्या खडकांच्या एका थराला नाव मिळालं. या खडकांत जाड, चकाकत्या खवल्यांचे मासे सापडले. नदीपलीकडे, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, बारापासॉरस हा महाकाय डायनोसॉर निघाला. गडचिरोली अजून चंद्रपूर जिल्ह्यातच होतं तेव्हा, 1974 साली, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या एस. एल. जैन यांनी कोटाच्या खडकांतला जबड्याचा एक तुकडा टेरोसॉरचा, म्हणजे उडणाऱ्या सरीसृपाचा, ठरवला. नाव दिलं कॅम्पिलोग्नॅथॉइडिस इंडिकस.

या वंशाचे पूर्ण सांगाडे जर्मनीत मिळाले आहेत, तेही जुन्या समुद्रतळाच्या खडकांत. टोकदार दात, पंखांचा पसारा साधारण एक ते पावणेदोन मीटर, आणि पंख म्हणजे हाताच्या एका लांबलचक बोटापासून ताणलेला पडदा. मुलं वहीत काढतात, जवळजवळ तसाच प्राणी अल्लाहने खरोखर बनवला होता.

पण सिरोंचाकडचा तुकडा फारच अपुरा. पुढच्या अभ्यासकांनी ती ओळख शंकास्पद मानली, आणि ती शंका त्या नावासोबत नोंदली गेली.

आता दुसरं चित्र आठवा. वाळवंटात उत्खनन चाललंय आणि खड्ड्यात माणसाचा अजस्र सांगाडा. ‘कौमे-आदचा पुरावा’ म्हणून तो फोटो माझ्याकडेही कितीदा आला, खाली ‘सुभानअल्लाह’. मुळात तो 2002 साली एका फोटो-स्पर्धेसाठी संगणकावर जुळवलेला. बनवणाऱ्याने गंमत केली होती. पुरावा आपण ठरवला. ईमानाला असल्या पुराव्याची गरज काय?

मुलांच्या कल्पनेची मला भीती वाटत नाही. कल्पनेला कल्पना म्हणायचं आपण विसरतो, त्याची वाटते. आपले जुने उलमा आपलं मत मांडून झालं की शेवटी लिहायचे, ‘वल्लाहु आलम’, खरं काय ते अल्लाह जाणतो. जबड्याच्या त्या तुकड्यापुढचं प्रश्नचिन्हही मला त्याच अदबीचं वाटतं.

सिरोंचाजवळच्या वडधमच्या जीवाश्म पार्कात दगड झालेली झाडांची खोडं आहेत. मुलांना घेऊन जा. वहीही सोबत असू द्या.