कोळसेवाडी ते वागळे इस्टेट : जपलेल्या आवाजांच्या शोधात

गेल्या महिन्यात दोन रविवार आम्ही कल्याण पूर्वेतील कोळसेवाडी, डोंबिवलीचा शेलार नाका आणि ठाण्याचे वागळे इस्टेट या भागांतील घरांत फिरलो. वर्गणीसाठी नव्हे, तर जुन्या कॅसेट पाहण्यासाठी. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला रेडिओवर लागणारी भाषणे व गीते आपल्या लोकांनी टू-इन-वनवर उतरवून ठेवली होती.

कोळसेवाडीत त्या पत्र्याच्या पेटीतून निघाल्या. शेलार नाक्याला एका आजींनी लुगड्याच्या घडीत जपल्या होत्या; पण एकीवर भाषण अर्ध्यावर तुटून सिनेमाचे गाणे सुरू झाले. मुलांनी वरून भरले होते. वागळे इस्टेटला भिंतीच्या ओलीने फितीला बुरशी धरली होती.

हे जपायचे कशाला? ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आकाशवाणीवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली, असे ते म्हणाले. ते आपण छापील वाचतो. १९५५ साली बीबीसीने घेतलेली त्यांची मुलाखत मात्र प्रत्यक्ष ऐकता येते. गांधींविषयी बोलतानाचा तो ठाम स्वर कागदावर उतरत नाही. कोणीतरी टेप जपली, म्हणून आज कामगाराचा मुलगा तो मोबाईलवर ऐकतो.

सगळ्याच टेप अशा वाचल्या नाहीत. टेप महाग असे, म्हणून जुने पुसून तिच्यावरच नवे भरण्याची रीत जगभर होती, बीबीसीतही होती. दिल्लीला आकाशवाणीचे ध्वनिसंग्रहालय आहे. तरीही एकदाच लागलेले एखादे गीत आज फक्त आपल्या पेटीतच उरलेले असू शकते.

म्हणून बंधुभगिनींनो, एवढे करा. कॅसेटच्या पाठीवरचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकूनही वरून भरले जाणार नाही. कॅसेट ओल, ऊन आणि स्पीकरपासून दूर ठेवा. बुरशी दिसली तर वाजवू नका, जाणकाराला दाखवा. चांगली कॅसेट स्वच्छ प्लेअरवरून संगणकात उतरवा, आवाज दाबून छोटा न करता वेव्ह फाइल ठेवा आणि तीन प्रती तीन घरांत ठेवा. तारीख, केंद्र, वक्ता किंवा गायक यांची नोंद करा. ज्यांनी रेकॉर्ड केले ते वडीलधारे आज सांगू शकतात. त्यांच्याजवळ बसून ती नोंद याच रविवारी लिहून घ्या.